दिवाळसणाचं तेल

२१ सप्टेंबर, रविवार

आज सकाळी एका दुकानासमोर गाडी लावून नुसता बसून राहिलो. आत काही गेलो नाही. काचेवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘स्पा’, खाली कमळाचं चित्र. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज बेकरी. दोन बायका हसत बाहेर आल्या, तर मी घाईघाईने मान खाली घालून फोन बघत असल्यासारखं केलं. फोन घरीच राहिला होता. हातात चष्म्याचं घर होतं! शेवटी बेकरीत शिरलो, पाव घेतला आणि परत आलो.

शोभाला दूध आणतो म्हणून सांगून गेलो होतो. दूध राहिलंच.

सर्वपित्री आज. सकाळी मागच्या अंगणात दादाच्या नावाने पान ठेवलं. कावळा आला नाही, खारीने वडा पळवला. शोभा म्हणाली, खार तर खार, कोणीतरी खाल्लं ना. दादाला जाऊन दीड वर्ष झालं. मी वेळेत पोचलो नाही. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

स्पाचं लिहायचं. काल मैत्रेयीचा फोन आला होता. एप्रिलमध्ये आमच्या जावयांना, शंतनुरावांना ले-ऑफ मिळाल्यापासून एटोबिकोच्या, तासाभरावरच्या त्या काँडोत दोघांचं काय चाललंय ते पहिल्यांदा नीट सांगितलं तिने. मान आखडली आहे. डोकं दुखतं म्हणून रोज गोळ्या. झोप नाही. सोफ्यावर पडून असतात, बेडरूममध्ये येत नाहीत. तिने खांद्याला हात लावला तरी अंग चोरतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, स्नायूंचे दगड झालेत, कुणाकडून तरी मसाज घ्या. तिच्या ऑफिसच्या बेनिफिट्समध्ये बसतं सगळं. तिने दोनदा स्पा बुक केला. पहिल्यांदा ते दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा मॉलमध्ये चकरा मारून घरी आले आणि म्हणाले, झालं, छान वाटलं. शर्टला तेलाचा वास नव्हता म्हणून तिला कळलं.

‘‘बाबा, मसाजचं कोणी खोटं बोलतं का?’’ असं म्हणाली. हसायला लागली आणि मधेच थांबली. मग फोन ठेवता ठेवता विचारलं, माझी खोली रिकामीच आहे ना?

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आणि वर म्हणालो, तू काळजी करू नको, शंतनुरावांचं मी बघतो. काय बघणार? मी स्वतः जन्मात असल्या दुकानात पाऊल ठेवलेलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मैत्रेयीच्या खोलीत शोभाने घट बसवलाय. ती म्हणते तिथे ऊन चांगलं येतं. ती खोली भरली म्हणून बरं वाटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

एटोबिकोला जाऊन आलो. शोभाने डबे दिले होते. मैत्रेयीने दार उघडलं, शंतनुराव मागे उभे. दाढी वाढलेली. आत काही पडल्याचा आवाज झाला तर मान वळली नाही, सगळा माणूस वळला, पायांसकट. लग्नात मागून कोणी हाक मारली की कसे झर्रकन बघायचे! डिसेंबरमध्येच तर झालं लग्न. वर्ष नाही झालं अजून.

जेवून आम्ही दोघे तळ्याकाठी चालायला गेलो. त्यांना मैत्रेयीनेच ढकललं आमच्यासोबत — म्हणजे माझ्यासोबत. थोडा वेळ हवापाण्याचं बोललो. गाडीचे विंटर टायर कधी बदलायचे ते झालं. मग मी सरळच विचारलं, दारापर्यंत जाऊन परत का येता? ते रागावले नाहीत. आधी म्हणाले, परक्या माणसासमोर कपडे काढायचे, कसंतरीच वाटतं. मग म्हणाले, मित्र हसतील. पाण्याकडे बघत बसले. आणि मग खरं कारण निघालं.

‘‘बाबा, काम नसलेल्या माणसाने अंग चोळून घ्यायचं? त्यांनी विचारलं कशाने दमलात, तर काय सांगू?’’

मलाही तेच वाटतं. शिफ्ट झाली की खुर्चीत बसायचं, त्याआधी बसलं की चोरी केल्यासारखं होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी काहीतरी ठोकत, खरवडत असतो. विश्रांती म्हणजे पगार, आधी काम दाखवा. हे मला कोणी शिकवलं नाही. पण पोरांनी ते माझ्याकडूनच उचललं असेल. शंतनुराव तर माझे पोर पण नाहीत. म्हणजे हे सगळीकडेच आहे.

येताना चारशे एक हायवेवर गर्दी. खांदा दुखत होता. उजवा.

३० सप्टेंबर, मंगळवार

प्लांटमध्ये लाइनवर आज दिवसभर तालीम आठवत होती. का कोण जाणे.

गावी मी काही वर्षं तालमीत जायचो. माझा पैलवान झाला नाही, दादाचा झाला. मेहनत संपली की एकाने पालथं पडायचं, दुसऱ्याने पाठीवर बसून तेल जिरवायचं. मग अदलाबदल. दादाचा अंगठा खांद्याच्या पात्याखाली असा शिरायचा की मी ओरडायचो आणि तो म्हणायचा, ओरड, मारुतीला ऐकू जाऊ दे. मारुती समोरच असायचा, शेंदूर लावलेला. येणारीजाणारी माणसं खिडकीतून बघायची. कुणाला लाज नव्हती. एवढाले दांडगे गडी एकमेकांच्या पोटऱ्या चोळायचे आणि बैलांच्या किमती बोलायचे.

मग लाज आली कुठून? चाकणला कारखान्यात लागलो तेव्हा? की इकडे परदेशात येऊन एवढे कपडे अंगावर चढले तेव्हा? शर्टाच्या आत आपलं अंग आहे हे मी विसरूनच गेलो. दुखलं तरच आठवतं.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा करताना सुचलं! नैवेद्य तसाच हातात राहिला, शोभा म्हणाली, देव वाट बघतोय.

यंदा पहिली दिवाळी. जावयाचा दिवाळसण. पहिल्या आंघोळीला पहाटे जावयाला पाटावर बसवून तेल लावायचं. त्या वेळी त्याला कोणी विचारतं का, बाबा रे, वर्षभर काय केलंस? कामावर आहेस की घरी बसलायस? ते तेल कमवावं लागत नाही. लहान मुलाला लावतात, म्हाताऱ्याला लावतात, परीक्षेत नापास झालेल्यालाही लावतात. मला लावलं होतं आईने, दहावीला गणितात गेलो त्या वर्षी. उलट जास्तच लावलं होतं.

तर मग शंतनुरावांना स्पात न्यायचं नाही. अभ्यंगाला न्यायचं. स्पा ही नुसती जागा.

शोभाला सांगितलं. तिने पोळी उलटायची थांबवली. सणाच्या दिवशी जावयाला दुकानात नेऊन तेल लावणार? उद्या मंडळात बायका म्हणतील, सासूचे हात मोडले होते काय! मी म्हणालो, तुझ्या हाताने लावलेलं त्यांना पोचणार नाही, त्यांच्या अंगात दगड आहेत. ती म्हणाली, आणि तुमच्या अंगात काय लोणी आहे?

अजून हो म्हणालेली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज गेलो आत. एकदाचा.

वाटलं होतं एखादी पोरगी असेल रंगवलेल्या नखांची. तर साठीची बाई, जाड चष्मा, हाताची बोटं माझ्यापेक्षा मजबूत. नाव लुर्डेस. मूळची पोर्तुगीज बेटांवरची, इथे गॉल्टमध्ये चाळीस वर्षं आहे म्हणाली. काउंटरच्या मागे कोनाड्यात त्यांच्या मातेची छोटी मूर्ती, समोर ताजं फूल आणि दिवा. ते बघून माझे खांदे जरा खाली आले. जिथे रोज फूल बदलतात तिथे मला भीती वाटत नाही.

मी सांगितलं की आमचा सण आहे, एकोणीस तारखेला, रविवारी. सूर्य उगवायच्या आधी तेल लावून घ्यावं लागतं. ती म्हणाली, आम्ही दहाला उघडतो. मी म्हणालो, दहाला उपयोग नाही, उजाडल्यावर लावलं तर माणूस नरकात जातो असं आमच्यात म्हणतात. हे इंग्रजीत सांगताना माझं मलाच कसंतरी वाटलं. पण तिने वहीत बघितलंसुद्धा नाही. मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाली, त्यांच्या बेटावर मिरवणुकीच्या दिवशी तिची आई अंधारात उठून सगळ्यांचे पाय धुवायची. सणासाठी उघडीन. भाचा नेल्सन येईल मदतीला. तेल आमचं आणू द्याल का विचारलं, तर आणा म्हणाली, आधी वास घेऊन बघेन.

मग मी म्हणालो, दोघे आहोत, पण एकाच खोलीत दोन टेबलं हवीत. वेगळं नको. पहिलीच वेळ आहे, एकटं लाजायला होईल. ती एकदम खुलली. एकत्र? हो, एकत्र. पहिली दिवाळी आमची, मी म्हणालो. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, काळजी करू नका, मी खोली सुंदर करून ठेवीन म्हणाली.

भली बाई आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

शोभा तयार झाली. अट अशी — आधी घरी पाटावर बसवून ती तेल लावणार, ओवाळणार, मग आम्ही जाणार, आणि येऊन आंघोळ उटण्याने घरीच. म्हणजे तिच्या हिशेबाने अभ्यंग घरचं आणि मधे आम्ही फिरायला गेलो. ठीक आहे. देवालाही चालेल बहुतेक.

१३ ऑक्टोबर, सोमवार, थँक्सगिव्हिंग

पोरं जेवायला आली होती. गाडी मैत्रेयीने चालवत आणली. शंतनुरावांना शोल्डर चेक करता येत नाही, मान वळत नाही.

जेवणानंतर मी विषय काढला. दिवाळसण, पहाट, तेल, लुर्डेसबाई, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, बाबा, हे मला स्पात न्यायचंच चाललंय ना, फक्त वरून हळदकुंकू लावून? चिडून नाही म्हणाले. दमून म्हणाले. मला खोटं बोलवेना. हो म्हणालो. पण हळदकुंकू पण खरं आहे, असं म्हणालो.

‘‘तुम्ही गेलात कधी?’’

नाही.

‘‘जाल?’’

मी म्हणालो, तुमच्या शेजारच्याच टेबलावर असेन.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. सगळं अंग वळवून. मग म्हणाले, तुम्ही झोपणार असाल तर मी झोपेन. बघू.

भांडी पुसताना मैत्रेयी हळूच म्हणाली की हे झालं नाही तर ती महिनाअखेर इकडे येणार. भांडण नाही बाबा, ती म्हणाली, भांडायलासुद्धा तो जवळ येत नाही. आय कान्ट लिव्ह नेक्स्ट टू अ वॉल. मी ताट पुसत राहिलो. ते कधीच कोरडं झालं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शनिवार, म्हणून मारुतीचं म्हणायला बसलो तर मधेच विसरलो. इतक्या वर्षांत प्रथमच. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो.

पोरं संध्याकाळी आली आहेत, मैत्रेयीच्या खोलीत आहेत. शंतनुराव बेसमेंटमध्ये सोफ्यावर झोपतो म्हणाले, तिथे गार वाटतं. आता गार काय वाटतं या दिवसांत!

तिळाचं तेल बाटलीत भरून ठेवलं. टॉवेलात गुंडाळून. उद्या ते दारातून परत फिरले तर? मी पाहुणा आहे त्या दुकानात, त्यांना काय धरून ठेवणार? फिरले तर पोरगी इकडे येईल. तिची खोली आहे, जेवायला आहे, सगळं आहे. पण ती आल्यावर त्या काँडोत तो एकटा मुलगा मान न वळवता बसून राहील. हेच डोळ्यासमोर येतंय सारखं.

१९ ऑक्टोबर, रविवार, नरकचतुर्दशी

सगळं क्रमाने लिहितो.

अंधारात उठलो. शोभाने रांगोळी काढली, डायनिंग टेबल सरकवून पाट मांडला. शंतनुराव बनियनवर येऊन बसले, थंडीने की संकोचाने आक्रसलेले. शोभाने टाळूवर तेल घातलं, खांद्यांना लावलं. जावईबापू, जरा सैल सोडा अंग, असं दोनदा म्हणाली. त्यांना येत नव्हतं. ओवाळलं. मग मलाही लावलं, नावापुरतं, डोक्याला. आणि आम्ही दोघे अंगावर जॅकेट चढवून निघालो, डोक्यावर तेल, कपाळावर कुंकू. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्याने बघितलं.

लुर्डेसबाई दारात उभी होती. सगळीकडे अंधार, तेवढंच एक दुकान उजळलेलं. तिने तेलाचा वास घेतला, मान डोलावली. मग माझ्या मागे बघितलं, रस्त्याकडे, जणू अजून कोणी यायचंय. मी म्हणालो, आम्ही दोघेच. ती आम्हाला आत घेऊन गेली.

खोलीचं दार उघडलं.

दोन टेबलं अगदी शेजारी शेजारी. भोवती मेणबत्त्या. पांढऱ्या चादरींवर गुलाबाच्या पाकळ्या, बदामाच्या आकारात! एका बशीत चॉकलेटमध्ये बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या, दोन उंच ग्लास. कुठेतरी व्हायोलिन वाजत होतं.

मला काही कळेना. लुर्डेसबाईने विचारलं, आणि मिसेस? मी म्हणालो, ती घरी चकल्या तळतेय. हा माझा जावई. तिने तोंडावर हात ठेवला. तिने नवरा-बायकोचं पॅकेज केलं होतं. पहिली दिवाळी, एकत्र, लाजायला होईल — माझंच बोलणं सगळं! इथे एका खोलीत दोन टेबलं मागितली की त्याचा एकच अर्थ होतो, हे मला कोण सांगणार?

शंतनुराव भिंतीला टेकले. मला वाटलं, संपलं, आता हे परत फिरणार. तर ते हसत होते. आधी आवाज नव्हता, मग आवाज आला. मान दोन्ही हातांनी धरून हसत होते, दुखत होती म्हणून, आणि तरी थांबता येत नव्हतं.

‘‘बाबा, मैत्रेयीला फोटो पाठवू?’’

पाठवला त्यांनी. एप्रिलनंतर या माणसाला हसताना मी बघितलं नव्हतं. लुर्डेसबाई पाकळ्या गोळा करायला लागली तर तेच म्हणाले, राहू द्या, सण आहे.

मग खरंच झोपले ते. पालथे, चादर कमरेपर्यंत, तोंड टेबलाच्या भोकात. लुर्डेसबाईने आमचं तेल हातावर घेतलं आणि त्यांच्या मानेशी गेली. आईच्या वयाची बाई, त्यामुळे असेल, ते दचकले नाहीत.

मी शेजारी झोपलो. झोपलो होतो, हे खरं आहे. नेल्सन चांगला मुलगा, हात गरम करून आला. कुठे दुखतं विचारलं, मी उजवा खांदा म्हणालो. त्याने हात ठेवला आणि अंगठा पात्याखाली नेला. बरोबर तिथेच. दादा जिथे न्यायचा तिथेच.

मला रडू येणार हे कळलं. ते बाहेर आलं असतं तर थांबलं नसतं. जावयासमोर, पाकळ्यांवर पालथा पडून! मी उठलो. नेल्सनला हाताने खूण केली, काही नाही, काही नाही. झगा गुंडाळला आणि आवाज न करता बाहेर गेलो.

बाहेर कोनाड्यातल्या मातेसमोर बसून राहिलो. झग्यात. प्रार्थना वगैरे केली नाही. नेल्सनने पाणी आणून दिलं आणि समोर बसला. मधे ती बशी घेऊन आला. एक स्ट्रॉबेरी खाल्ली. अभ्यंगाआधी काही खायचं नसतं. पण माझं अभ्यंग झालंच नव्हतं.

वेळ झाल्यावर कपडे घालून बोळात उभा राहिलो. शंतनुराव बाहेर आले. डोळे लाल, सुजलेले. मी म्हणालो, तेल गेलं वाटतं डोळ्यांत. ते हो म्हणाले. मग विचारलं, तुम्हाला कसं वाटलं बाबा?

‘‘छान. हलकं वाटलं एकदम.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान वळवून. थोडीशीच वळली, पण वळली.

बाहेर अजून उजाडलं नव्हतं. घरी येऊन उटणं, आंघोळ. चिरांटं इथे कुठलं, शोभाने थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या क्रॅनबेऱ्या दारात ठेवल्या होत्या, त्या अंगठ्याने फोडल्या. मैत्रेयी फोटो बघून बघून हसत होती. फराळाला बसलो तेव्हा तिने सहज त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथे राहिला. त्यांनी काढला नाही.

मी आणखी चकल्या आणायला आत गेलो.

२२ ऑक्टोबर, पाडवा

मैत्रेयीचा फोन. तो परवापासून बेडरूममध्ये झोपतो, बाबा. बाकी काही सांगितलं नाही, सांगायचं कारणही नाही. आणि मग म्हणाली, तुम्ही झोपलात म्हणून तो झोपला, तो असंच म्हणाला. थँक यू बाबा.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण ते वाक्य टोचतंय. खोट्यावर त्या मुलाने पाठ टेकली. नव्हे, पोट टेकलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शोभाला माहीत आहे! आज उगाच बोलता बोलता म्हणाली, त्या दिवशी तुमच्या पाठीला उटणं लावलं तेव्हा पाठ कोरडी ठणठणीत होती. ती म्हणाली, मुलगी कोणाची आहे, तिने शर्टाचा वास घेऊन नवरा पकडला, मी पाठीवरून पकडणार नाही? रागावली नाही. लाडू वळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, अहो, दादा गेले तेव्हाही तुम्ही दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेला होतात.

मी उठून बाहेर झाडाची पडलेली पानं ओढायला गेलो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

खांदा.

२ नोव्हेंबर, रविवार

आज गाडी शंतनुरावांनी चालवत आणली. मी ड्राइव्हवेमध्येच उभा होतो. गाडी उलटी घेताना मान वळवून मागे बघितलं त्यांनी, लेन बदलणाऱ्या माणसासारखं, सवयीने. मैत्रेयी शेजारी बसून फोन बघत होती, तिचं लक्षसुद्धा नव्हतं. तेच मला फार आवडलं.

एटोबिकोत ते आपले आपण दोनदा स्पात जाऊन आले. पहिल्यांदा जिन्यात परत फिरावंसं वाटलं म्हणाले. तिथल्या मसाजवाल्या मुलीने विचारलं, कशाने दमलात? तर यांनी सांगितलं, वाट बघून. ती म्हणाली, त्याने फार दमायला होतं. एवढंच. त्यांचा एक मित्र आहे, तिकडे पार पश्चिमेला कोक्विटलामला असतो, त्याचंही काम गेलंय. त्याला पण जा म्हणून सांगितलं यांनी. तो हसला. आणि मग फोन ठेवायच्या आधी विचारलं, कपडे किती काढायला लावतात रे?

नोकरीचं अजून काही नाही. दोन इंटरव्ह्यू आहेत.

मी सगळं ऐकत होतो आणि मान डोलावत होतो, अनुभवी माणसासारखी. जेवताना ते म्हणाले, बाबा, तुम्ही पुन्हा गेला नाहीत? मी म्हणालो, ओव्हरटाइम आहे. शोभाने वाढता वाढता माझ्याकडे एकदा बघितलं आणि भात जरा जोरात वाढला.

मी का जात नाही? भीती वाटते, दुसरं काही नाही. पन्नाशीला आलेला माणूस, देवाला रोज हात जोडणारा. एका अंगठ्याला भितो.

५ नोव्हेंबर, बुधवार

फोन उचलला, नंबर लावला, लुर्डेसबाईचा आवाज आला, ठेवला.

तिने परत केला. नंबर दिसतो म्हणे! म्हणाली, सणवाला माणूस का? मी हो म्हणालो. रविवारी सकाळी नेल्सन आहे, एक टेबल, एक खोली, यावेळी नीट विचारतेय, असं म्हणाली. नाव घालून टाकलं तिने.

शंतनुरावांना मी काही सांगितलं नाही. पण शोभाने सांगितलं असणार, कारण त्यांचा मेसेज आला — रविवारी मी घेऊन जाईन.

९ नोव्हेंबर, रविवार

शंतनुराव एकटेच आले. मी गाडीत बसलो. प्लांटच्या वळणावर ते म्हणाले,

‘‘बाबा, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात ते मला कळलं होतं. त्या भोकातून फरशी दिसते. तुमचे पाय दाराकडे गेले.’’

मी विचारलं, तरी तुम्ही का नाही उठलात?

सिग्नल लागला. ते समोर बघत होते.

‘‘बरं झालं गेलात. तुमच्यासमोर मला रडता आलं नसतं.’’

दुकानासमोर त्यांनी गाडी लावली. मी दार उघडलं. त्यांनी सीटबेल्ट काढला नाही. म्हणाले, मी इथेच आहे, सावकाश या.

मी एकटाच आत गेलो. नेल्सनला खांदा दाखवला आणि पालथा झोपलो. वेळ संपेपर्यंत उठलो नाही.